तंट्याच्या टोळीत कोण कोण?

रॉबिन हूडच्या टोळीत मुसलमान माणूस केव्हा आला, या प्रश्नाचे उत्तर नेमके देता येते. 1984 साली. त्या वर्षी ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर 'रॉबिन ऑफ शेरवुड' नावाची मालिका सुरू झाली. रिचर्ड कारपेंटर हे तिचे लेखक. त्यांनी नासिर नावाचा एक अरब तलवारबाज कथेत आणला. हा नासिर खलनायकाच्या हाताखालचा. पहिल्याच भागात त्याला मारून टाकायचे ठरले होते. पण चित्रीकरण करणाऱ्यांनाच तो इतका आवडला की त्याला जिवंत ठेवले आणि रॉबिनच्या टोळीत घेतले.

पुढची गंमत अशी. 1991 मध्ये केविन कॉस्टनरचा रॉबिन हूडवरचा चित्रपट आला. त्यात मॉर्गन फ्रीमनने अझीम नावाचा साथीदार केला. चित्रपटवाल्यांचा समज असा होता की रॉबिनचा मुसलमान दोस्त हा जुन्या दंतकथेचाच भाग आहे. त्यांनी आपल्या पात्राचे नावही आधी नासिर ठेवले होते. ती सात वर्षांपूर्वीच्या मालिकेची कल्पना आहे हे कळले, तेव्हा नाव बदलले. 2006 मध्ये बीबीसीच्या मालिकेत मुलाच्या वेशात वावरणारी साफिया आली. 2018 च्या चित्रपटात तर रॉबिनचा उजवा हात असलेला लिटल जॉन हाच मुळात याह्या निघाला. सहाशे वर्षे ज्या टोळीत आपले कुणी नव्हते, तिथे एका लेखकाने एक जागा केली आणि ती पुढे कुणी काढून घेतली नाही.

आता हीच दंतकथा किशोरवयीन वाचकांसाठी इंग्रजीत पुन्हा पुन्हा लिहिली जाते आहे. मेगन स्पूनर यांच्या 2019 च्या 'शेरवुड' कादंबरीत रॉबिन युद्धात मरतो आणि त्याचा धनुष्यबाण, त्याचे नाव, त्याचे काम सगळे मॅरियन उचलते. अमीना मे साफी यांची 2022 ची कादंबरी आहे 'ट्रॅव्हलर्स अलाँग द वे'. काळ 1192 चा, तिसऱ्या क्रुसेडचा. नायिका रहमा अल-हूद. आडनावातला हूद तुमच्या लक्षात आलाच असेल. युद्धाला कंटाळलेली ही मुलगी बहिणीसोबत जेरुसलेमकडे निघते. वाटेत तिला एक मंगोल योद्धा भेटतो, अंदलुसचा एक विक्षिप्त शास्त्रज्ञ भेटतो, आणि आपल्या फौजेने मागे टाकून दिलेला एक इंग्रज धर्मोपदेशकही भेटतो. या सगळ्यांची मिळून टोळी होते. म्हणजे जी कथा क्रुसेडला गेलेल्या राजा रिचर्डच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली होती, ती या बाईंनी उलटून समोरच्या बाजूने सांगितली.

हा खोटेपणा नाही का, असे कुणी विचारील. रॉबिनची कथा कशी वाढली ते पाहिले की प्रश्न निकालात निघतो. त्याचा पहिला ठळक उल्लेख 1377 च्या सुमाराच्या एका इंग्रजी काव्यात येतो, तोही ओझरता. सुरुवातीच्या पोवाड्यांत मॅरियन नाही. राजा रिचर्ड नाही, एडवर्ड आहे. रॉबिन कुणी सरदार नाही, साधा कुळंबी म्हणावा तसा माणूस आहे. रिचर्डच्या काळात त्याला 1521 मध्ये एका इतिहासकाराने नेऊन बसवले. 1598 मध्ये अँथनी मंडे या नाटककाराने त्याला उमराव केले. सॅक्सन विरुद्ध नॉर्मन हा रंग चढवला तो वॉल्टर स्कॉटने, एकोणिसाव्या शतकात. आणि मुलांच्या हातात आज जो हसरा, हिरव्या कपड्यांतला रॉबिन असतो, तो 1883 च्या हॉवर्ड पाइल यांच्या पुस्तकाचा. दर पिढीने त्यात आपले माणूस घातले म्हणून तो टिकला. नासिर हा त्या रांगेतला शेवटचा नव्हे, एक.

इथे मला आपल्याकडे वळायचे आहे. सक्करदऱ्यातून रॉबिन हूडवर लिहायला बसावे एवढा काही तो माझा लागत नाही. पण आपल्या प्रांताचाही एक रॉबिन हूड होता, आणि त्याच्या कथेत जागा कुणाकुणाला आहे, हा माझ्या वर्गातल्या मुलांचा प्रश्न आहे.

तंट्या भिल्ल. हिंदीत टंट्या. खंडव्याजवळचा, निमाडचा. त्या काळी निमाड जिल्हा मध्य प्रांतात होता आणि मध्य प्रांताची राजधानी होती नागपूर. म्हणजे तंट्या ज्या सरकारशी लढला, त्याचा कारभार आमच्याच शहरातून चालायचा. 1874 मध्ये त्याला पहिल्यांदा तुरुंगात घातले. गुन्हा काय? 'वाईट मार्गाने पोट भरणे.' म्हणजे हा माणूस जगतो कशावर याचा सरकारला संशय आला, एवढेच. एक वर्ष कैद. 1878 मध्ये पुन्हा पकडला, तेव्हा तीन दिवसांत खंडव्याचा तुरुंग फोडून पळाला. त्यानंतर अकरा वर्षे तो सापडला नाही. सावकार आणि मालगुजार लुटायचा आणि गरिबांना वाटायचा. 1889 मध्ये रक्षाबंधनाच्या निमित्ताने मानलेल्या बहिणीच्या घरी बोलावून त्याला धरून दिले. 10 नोव्हेंबर 1889 च्या न्यूयॉर्क टाइम्सने त्याची बातमी छापली आणि त्याला हिंदुस्थानचा रॉबिन हूड म्हटले. 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला त्याला फाशी दिली. महूजवळच्या पातालपाणी स्टेशनापाशी त्याचे ठाणे आहे आणि तिथे गाडी घटकाभर थांबायची, ती तंट्यामामासाठी थांबते असे लोक मानत आले.

मराठीत त्याच्यावर बाबा भांड यांची 'तंट्या' ही कादंबरी आहे. अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' 1959 ची. दुष्काळात उपाशी माणसांसाठी सरकारी खजिना लुटणारा फकिरा आजही अंगावर काटा आणतो. उमाजी नाईकांना 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात फाशी झाली, त्यांच्यावर पोवाडे आहेत. म्हणजे मराठीला असे बंडखोर अनोळखी नाहीत. नाही ते एवढेच, की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, त्यांच्या वयाची पात्रे घेऊन, त्यात जादू, भुयारे, बोलणारी जंगले घालून या कथा नव्याने लिहिणारे कुणी ठळकपणे दिसत नाही. 'हॅरी पॉटर आणि परीस' मराठीत आले, मुलांनी वाचले. फँटसीची भूक आहे हे त्यातून कळले. पण भुकेला वाढले ते लंडनच्या स्टेशनावरून आणलेले. आपले बंडखोर मात्र जयंतीच्या फलकावर उभे आहेत, आणि पाठ्यपुस्तकात आले तर चार ओळींत.

मी एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. आमच्याकडे ती आधीपासून होतीच. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी जड जाते ती व्याकरणामुळे नव्हे. दहा वर्षे मराठीची पुस्तके वाचूनही त्यांना त्यात आपल्या मोहल्ल्यातले कुणी भेटत नाही. ईदचा एखादा धडा असतो. त्यात एक मुसलमान शेजारी असतो, तो शीरखुर्मा देतो आणि निघून जातो. गोष्ट ज्याच्यामुळे पुढे सरकते असा नसतो.

तंट्याची गोष्ट मी नववीला सांगितली तेव्हा पहिला प्रश्न आला, "मॅडम, उस को जादू आती थी क्या?" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. तंट्या एकाच वेळी अनेक गावांत दिसायचा, पोलिसांच्या डोळ्यांसमोरून अदृश्य व्हायचा, असे निमाडचे लोक सांगत आलेले आहेत. फँटसी बाहेरून आणायची गरजच नाही. ती लोकांनी तेव्हाच रचून ठेवली आहे. उर्दूत तर आमच्याकडे उम्रो अय्यार आहे. दास्तान-ए-अमीर हमजातला हा काटकुळा, लोभी, हजरजबाबी भामटा. त्याच्या झंबील नावाच्या झोळीत अख्खी दुनिया मावते, आणि त्याची घोंगडी पांघरली की माणूस दिसेनासा होतो. हे ऐकल्यावर हॅरी पॉटर पाहिलेली मुले ओरडतातच, की हे तर आमच्याकडे आधीच होते! ज्यांनी नव्वदच्या दशकात टीव्हीवर 'चंद्रकांता' पाहिली, त्यांना ऐयार हा शब्द नवा नाही. आणि ऐयार नुसते कथेतले नव्हेत. नवव्या शतकात सिस्तानात याकूब बिन लैस नावाचा तांबट अशाच एका ऐयारांच्या टोळीत होता, तो पुढे अमीर झाला. कायद्याबाहेरच्या टोळीलाही कायदा असतो, शब्द पाळायचा, गरिबाला छेडायचे नाही, ही समज आमच्या परंपरेत हजार वर्षांची आहे.

दुसरा प्रश्न एका मुलीने विचारला. "उस की टोली में अपने लोग थे क्या?"

या प्रश्नाला इतिहासातून उत्तर शोधले तर जे मुसलमान नाव ठळकपणे समोर येते ते तंट्याला 1878 मध्ये पकडणाऱ्या पोलिस अधिकाऱ्याचे. हाजी नसरुल्ला खान युसुफजई. हे नाव मी वर्गात लपवले नाही. पण निमाडच्या नकाशावर आणखी एक गाव आहे, बुऱ्हाणपूर. ते तंट्याच्याच जिल्ह्यात होते. मोमीन विणकरांचे गाव. विलायती गिरण्यांच्या कापडाने हातमागाचे कंबरडे मोडले ते त्याच शतकात. सावकाराची वही भिल्लाच्या दारात होती तशी विणकराच्या दारातही होती. आणि बुऱ्हाणपूरला जमिनीखाली काय आहे? कुंडी भंडारा. अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, 1615 च्या सुमारास बांधलेली पाण्याची योजना. शंभराहून जास्त विहिरी जमिनीखालच्या भुयाराने एकमेकींना जोडलेल्या, आणि त्यांतून अजून पाणी वाहते. आता सांगा, एका विहिरीत उतरून दुसऱ्या विहिरीतून बाहेर येणारी पंधरा वर्षांची विणकराची पोर कुठल्या फँटसीत शोभणार नाही? तंट्या एका गावात नाहीसा होऊन दुसऱ्या गावात कसा दिसायचा, याचे उत्तर तिला ठाऊक असले तर?

असे झाले होते, असा माझा दावा नाही. असे लिहावे, एवढेच म्हणणे आहे. नासिरही झाला नव्हता.

यावर तीन आक्षेप येतील. त्यांतला एक मला फार गंभीर वाटतो, म्हणून तो शेवटी घेते.

पहिला आक्षेप, इतिहासाची मोडतोड होईल. इतिहास इतिहासाच्या तासाला शिकवावा आणि कडक शिकवावा. पण उमाजी नाईकांवरचे सुरुवातीचे सविस्तर इंग्रजी लिखाण कुणाचे आहे? इंग्रज फौजेतल्या कॅप्टन मॅकिंटॉश यांचे, फाशीनंतरच्या वर्षी, 1833 मध्ये छापलेले. म्हणजे बंडखोराची पहिली गोष्ट त्याच्या शत्रूने लिहिली. मुलांच्या कादंबरीत जादू असते, ती जादू आहे हे मुलांना कळते. सरकारी अहवालातली कल्पना मात्र सत्य म्हणून खपते.

दुसरा आक्षेप, मुले दरोडेखोराला नायक मानतील. आमच्या पोरांच्या मोबाईलवर रोज गँगवाल्यांची रील फिरतात. त्यांत गाडी, पिस्तूल, पैसा असतो. कुणासाठी, हा प्रश्न नसतो. तंट्याच्या गोष्टीत तोच प्रश्न पहिला आहे. बंडखोराची गोष्ट गुन्हा शिकवत नाही. कायदा कुणासाठी आहे आणि कुणावर आहे, हे विचारायला शिकवते. चौदाव्या वर्षी तो विचारता आला पाहिजे.

तिसरा आक्षेप भिल्ल, पारधी, रामोशी वाचकाचा असेल. आमचा माणूस तुम्ही कोण बदलणार? रॉबिन हूडच्या नावाने आज इंग्लंडात कुणाच्या घरावर पोलिस जात नाहीत. आपल्याकडे तसे नाही. 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्माला येणारे मूलच गुन्हेगार ठरवले. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. संशय गेला नाही. कुठे चोरी झाली की पारध्याच्या पालावर पहिली धाड पडते, हे विदर्भात कुणाला सांगावे लागत नाही. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंदही आहेत, आणि त्यांच्यात मुसलमान आहेत, हे आपल्यातल्याच किती जणांना ठाऊक आहे? मशिदीच्या एकाच सफमध्ये उभे राहूनही आपण त्यांच्याकडे कसे पाहतो, हे जरा स्वतःला विचारावे. तेव्हा ही कथा कुणी मोकाट माळरान समजून त्यात शिरू नये. ज्यांचा तो पुरखा आहे त्यांचे म्हणणे आधी ऐकावे, त्यांची लिहिती मुले पुढे असावीत, आणि आपण टोळीत जागा मागावी ती साथीदाराची, सरदाराची नव्हे.

म्हणून असे पुस्तक लिहिणाराने तीन गोष्टी सांभाळाव्यात असे मला वाटते.

एक, सगळी जादू तंट्याच्या अंगात घालू नये. तो अकरा वर्षे सापडला नाही, कारण गावे गप्प राहिली. कुणी भाकरी दिली, कुणी खोटी वाट दाखवली, कुणी मार खाल्ला. नायकाला अदृश्य होण्याचा मंत्र दिला की या माणसांची गरज संपते. जादू असलीच तर ती गावाच्या गप्प राहण्यात असावी, आणि एकाने तोंड उघडले की ती तुटावी. फितुरी तेव्हा मुलांना खरी लागेल.

दोन, सावकाराची वही, मालगुजारी, दुष्काळ, तुरुंग, फाशी हे खरेच राहावे. त्यावर मंत्र चालू नये. शेवटी तंट्या वाचला आणि ढगांत उडून गेला, असे करू नये. 4 डिसेंबर ही तारीख बदलण्याचा हक्क कुणालाच नाही.

तीन, हाजी नसरुल्ला खानांना गोष्टीतून काढून टाकू नये. विणकराची पोर टोळीत आली म्हणून आपल्यातला फौजदार नाहीसा होत नाही. उलट तिच्या नात्यातलाच कुणी त्यांच्या हाताखाली शिपाई असावा. पगार घेणारा, घर चालवणारा, रात्री झोप न येणारा. आपली माणसे दोन्ही बाजूंना होती, हे कळणारे मूल पुढे कुणाच्या भाषणाला सहजासहजी फसत नाही.

त्या तासानंतर मी मुलांना एक काम दिले. तंट्याच्या टोळीत तुमचे एक माणूस घाला, दहा ओळी, मराठीत. एरवी पाच ओळींत निबंध संपवणारी पोरे दोन-दोन पाने घेऊन आली. एकाने कुलपे दुरुस्त करणारा आजोबा घातला, तोच खंडव्याच्या तुरुंगाची किल्ली करतो. एकीने पाण्याच्या मशकी भरणारा भिश्ती घातला, पोलिसांच्या छावणीत पाणी भरता भरता तो सगळे ऐकतो. एकीने दाई घातली. दाईला रात्री कुणी अडवत नाही, असे तिने लिहिले होते. वेलांट्या चुकल्या होत्या, 'ण' आणि 'न' यांची अदलाबदल होतीच. पण कर्ता, कर्म, क्रियापद सगळे जागच्या जागी होते, कारण या वेळी मुलांना काही सांगायचे होते.

मराठीतल्या लिहित्या हातांना, विशेषतः आपल्यातल्या तरुण मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे. मराठी साहित्यात आपण दिसत नाही, ही तक्रार आपण बरीच वर्षे केली आणि ती खरी आहे. पण नासिरसाठी कुणी मोर्चा काढला नव्हता. एका लेखकाने त्याला पानावर उभे केले, आणि तो इतका चांगला लिहिला गेला की पुढच्यांना तो आधीपासूनच तिथे होता असे वाटले. बुऱ्हाणपूरच्या त्या पोरीला अजून नाव नाही. ते नाव मराठीत ठेवायचे आहे. उशीर झाला तर एखाद दिवशी ती इंग्रजीत जन्माला येईल आणि आपण तिचा मराठी अनुवाद विकत घेऊ.